उतरा आणि ढकला

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की दारातला प्राजक्त अंगण भरून टाकतो. लोक त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांचं कौतुक करतात. मला दरवर्षी आधी दिसतात ते देठ. केशरी, बारीक. घरची म्हणते, "नुसतं बघत काय बसलाय? झाडू घ्या हातात." मी झाडू घेतो आणि तसाच उभा राहतो. कारण नुसत्या असल्या देठांचा सडा मी एकदा लांबच्या मुलखात पाहिलाय. आणि त्या सड्यावरून मी सायकल चालवलीय. उतरलो नाही.

जपानात. मी चौथी शिकलेला माणूस. कराडकडच्या खेड्यांतून सायकलवर पाव, बटर आणि खारी विकत हिंडण्यात माझं आयुष्य गेलं. थोरला संजय कॉम्प्युटरचं शिकला आणि त्याला पुण्याच्या कंपनीनं तिकडं धाडलं. दोन हजार साल उजाडलं की सगळी मशिनं येडी होणार म्हणून जगभर धाक बसला होता ना, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, तोवर त्याला तिथं काही वर्षं झाली होती. म्हशीपायी घरची आली नाही. मी एकटाच गेलो, तीन महिन्यांचा शिक्का घेऊन. तोक्योच्या पूर्वेला खाडीकाठी त्यांचं गाव. गाव कसलं, सगळी सारख्या तोंडाची उंच घरं, आणि त्यांच्या पायाशी सायकलीच सायकली. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर चुकेल, आणि चुकीचं लिहिणं मला आवडत नाही.

पोहोचलो त्याच आठवड्यात तिथली एका जातीची झाडं फुलली. फूल दिसायचंच नाही, आधी वास यायचा. आंब्याच्या अढीचं गवत उकरल्यावर येतो ना, तसला गोड, जड वास. मग एका पावसात सगळी फुलं खाली आली आणि रस्त्याच्या कडा केशरी झाल्या. प्राजक्त आपला पांढरा सदरा घरी विसरून आल्यासारखा. मी चप्पल काढूनच त्यावर पाय ठेवला. सून हसली.

सून वैशाली. मला मामा म्हणते. लग्न होऊन तिकडं गेली तेव्हा तिला सायकल येत नव्हती. पहिलं वर्ष सगळं खिडकीतून खाली बघण्यात गेलं, असं तीच सांगायची. मग इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पडत-झडत शिकली. लेकरू झालं, ते मागच्या खुर्चीत बसलं. पुढच्या जाळीत तांदूळ, भाजी. सकाळी पोरीला बालवाडीत सोडायचं आणि तशीच पुढं डबे भरायच्या कारखान्यात जायचं. तिकडं अर्ध्या दिवसाच्या कामाला बाइतो म्हणतात. तिथल्या बायकांत बोलून बोलून ती जपानी शिकली. संजयला ऑफिसात दुभाष्या लागायचा, हिला नाही.

"मामा, या बुटक्या सायकलीला इथं काय म्हणतात माहितीये? मामाचारी. तुमच्याच नावाची आहे."

"माझ्या नावाची असती तर एवढी बुटकी नसती," मी म्हणालो.

तर पूल. घर आणि कारखाना यांच्या मधे एक लहानशी नदी होती, खाडीच्या पाण्यानं फुगणारी. तिच्यावर जुना अरुंद पूल. पूल मधे उंच, कडेला चढ, आणि चढाच्या तोंडाशी सिमेंटची एक पायरी. फार नाही, चार बोटं उंच. पण चाकाला चार बोटं म्हणजे गड असतो. पायरीशेजारी पाटी. पाटीवर सायकल हातात धरून चालणारा एक निळा माणूस.

पहिल्या सकाळी वैशाली पुढं, मी संजयची सायकल घेऊन मागं. पुलाजवळ ती टुणकन खाली उतरली आणि मागं वळून म्हणाली, "मामा, उतरा. इथून ढकलत न्यायची असते."

पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा उभा होता. दंडाला हिरवी पट्टी, हातात पिवळं निशाण, पायात पांढरे बूट. माझ्यापेक्षा थोडा मोठाच असेल. त्यानं माझ्याकडं बघून निशाण आडवं केलं आणि कमरेत वाकून काहीतरी म्हणाला. वाकणं मला दिसलंच नाही. मला दिसलं आडवं झालेलं निशाण. पोटात एकदम चुलीतला निखारा पडला.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल हा पाववाला उगाच पेटला.

आमची वस्ती गावाबाहेर. गावात शिरायचा रस्ता पाटलांच्या ओट्यासमोरून. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या ओट्यासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, असा दंडक. लिहिलेला कुठंच नव्हता. पण माझा बाप उतरायचा, चुलता उतरायचा. बाप तर ओटा दिसायच्या आधीच उतरायचा, वडाच्या झाडापाशी, म्हणजे कुणी सांगायला नको. मी नवीनच पावाचा धंदा सुरू केला होता. काळी उंच सायकल, मागं पत्र्याची पेटी, हँडलला रबरी भोंगा. एके दिवशी वडापाशी पाय खाली टेकायला गेला आणि टेकलाच नाही. का ते आजही सांगता येत नाही. भोंगा वाजवत गेलो.

"कुणाचा रं तू?" ओट्यावरून आवाज आला. "हितं कोण बसलंय दिसत न्हाई व्हय? उतर की खाली."

"पाव गार होत्यात," मी म्हणालो, आणि पायडल मारलं.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. आई दारात उभी. तिनं एवढंच विचारलं, "उतरलास का?"

"नाही."

तिनं मला आत घेतलं, कडी लावली, चुलीपुढं पाट टाकला आणि म्हणाली, "बस. जेव आधी."

पुढं जे व्हायचं ते झालं. पेटीवर दगड बसले, एकदा सगळे पाव ओढ्यात गेले. पण दुसऱ्या दिवशीही मी बसूनच गेलो, आणि तिसऱ्या दिवशीही. दगड मारणाऱ्यांची पोरं पुढं माझ्याकडचंच बटर खात मोठी झाली. म्हणून सांगतो, मला उतर म्हणायचं नाही. साताऱ्यात नाही आणि जपानात नाही.

मी उतरलो नाही. मुंगीच्या चालीनं, कुणाला धक्का न लावता, पण बसून पूल पार केला. मागं वळून पाहिलं तर तो हिरव्या पट्टीवाला माझ्या पाठीला नमस्कार करत होता. वैशाली पलीकडं कपाळाला हात लावून उभी.

संध्याकाळी संजय म्हणाला, "आबा, इथं रूल म्हणजे रूल. प्लीज. मला ऑफिसमध्ये सगळे ओळखतात."

"मला पुलावर ओळखतील," मी म्हणालो.

पण मी हट्टी आहे, आंधळा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल लावून पुलाच्या कठड्याशी उभा राहायला लागलो. बघू तरी कोण कोण उतरतं. बायका उतरत होत्या. शाळेची पोरं उतरत होती. टाय लावलेले साहेब उतरत होते. मग एक पोलीस आला, पांढऱ्या पेटीच्या सायकलवर. मी म्हणालो, आता कळेल. पोलीस पायरीपाशी थांबला, उतरला, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि सायकल ढकलत गेला.

मी खरंच सांगतो, मला काही सुधरेना. आमच्याकडं ओट्यावरचे कधी उतरले नाहीत. इथं ओटाच नव्हता. सगळे उतरत होते, एकाच पायरीवर, एकाच पाटीपुढं. म्हणजे हा माझा अपमान नव्हता तर. निखारा विझायला हवा होता. विझला नाही, त्यानं नुसती जागा बदलली. कारण मला दिसत होतं की एकेकाला ती सायकल ढकलताना काय यातना होतायत. एक म्हातारी चढावर तीन वेळा थांबायची. सगळ्यांनी मान खाली घातली म्हणून खाली घालायला लावणारं बरोबर ठरतं का? ठरत नाही.

हिरव्या पट्टीवाल्याचं नाव मिझुनो-सान, सान म्हणजे आपलं राव. रेल्वेतून निवृत्त झालेला. रस्ता ओलांडायच्या आधी डावीकडं बोट दाखवून स्वतःशी बोलायचा, मग उजवीकडं बोट दाखवून बोलायचा. गाडी हाकायची सवय, सुटली नव्हती. गावात सायकलवाल्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून त्यानं शेजारपाजारच्यांची एक मंडळी जमवली होती. निवृत्त माणसं, काही बायका. रविवारी सकाळी हातमोजे घालून निघायचे. रस्त्यावर आलेल्या कुंपणाच्या फांद्या छाटायचे, फुटक्या काचा वेचायचे, खड्ड्याभोवती खडूनं गोल काढायचे, स्टेशनसमोर आडव्यातिडव्या पडलेल्या सायकली उचलून ओळीत लावायचे. कोपऱ्यावर हवेचा एक पंप ठेवला होता, कुणीही या, हवा भरा. कुणाचं नाव नाही त्यावर, पाटी नाही, नारळ नाही. कामात खोट काढावी असं काही नव्हतं. दुसऱ्याच रविवारी मीही हातमोजे मागून घेतले. फक्त घंटी वाजवायची माझी सवय त्यांना सोसवेना. तिकडं कुणी घंटी वाजवत नाही, मागं येऊन हळूच "माफ करा" म्हणतात. मी वाजवली की सगळी मंडळी एकदम बाजूला उडी मारायची.

वैशाली पडली ती मात्र ढकलतानाच. हे नीट लक्षात घ्या. बसून नाही, ढकलताना.

पाऊस भुरभुरत होता. ती केशरी फुलं भिजून रस्त्याला चिकटली होती. पोर मागं खुर्चीत, डोक्यावर टोपडं, पुढं तांदळाची पिशवी. मी मागून चालत होतो. मिझुनो-साननं निशाण आडवं केलं, वाकला. वैशाली उतरली. पुढचं चाक तिनं पायरीवर चढवलं, मागचं चढेना, तिनं जोर लावला आणि सगळं ओझं माझ्या डोळ्यांदेखत पलीकडं कललं. पोरीसकट. मी धावलो. माझ्याआधी मिझुनो-सान पोहोचला होता, निशाण फेकून. पोर पट्ट्यानं बांधलेली, तिला खरचटलंही नाही, नुसती घाबरून रडत होती. वैशालीचं मनगट सुजलं.

संजय घरी आला, तिच्या मनगटाची पट्टी बघितली आणि म्हणाला, "बास. उद्यापासून सायकल बंद. बाइतोपण सोड. आपल्याला गरज आहे का?"

वैशाली डाव्या हातानं तांदूळ धूत राहिली. संजय आत गेल्यावर हळूच मला म्हणाली, "मामा, सायकल गेली तर मी परत त्या खिडकीत."

तेवढंच. पण मला ती खिडकी दिसली. सातव्या मजल्यावरची, जाळीची, खाली लहान लहान माणसं. कधी दंडक म्हणून, कधी काळजी वाटते म्हणून माणसाला उतरवतात, आणि उतरलेला माणूस मग बसतच नाही. माझा बाप वडापाशीच उतरायचा. ओटा लांब असतानाच.

दुसऱ्या दिवशी मिझुनो-सान दारात. हातात कागदाच्या पिशवीत टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं. दाराबाहेरच वाकला तो वाकलेलाच राहिला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

वैशाली म्हणाली, "मी पडले ती त्यांनी उतरा म्हटलं म्हणून, असं म्हणतात. माफी मागायला आलेत."

"त्याला सांग, वर हो. मला वाकलेली माणसं बघवत नाहीत."

तिनं काहीतरी गोड करून सांगितलं. तो आणखी वाकला.

"आणि सांग, माफी नको. पायरी काढ."

यावर तो सरळ झाला आणि बराच वेळ बोलला. वैशालीनं मला थोडक्यात सांगितलं. पूल त्यांचा नाही, सरकारी कचेरीचा आहे. त्याला हात लावायचा हक्क मंडळींना नाही. कित्येक वर्षं ते विनंती करतायत. कचेरीनं प्रत्येक वेळी फार अदबीनं उत्तर दिलंय. आता अपघात झाला म्हणून कचेरी आणखी मोठी पाटी लावणार आहे. आणि मंडळींना सकाळी दोन माणसं उभी करायला सांगितलंय. मामांना वेळ असेल तर दुसरं निशाण त्यांनी धरावं.

मी हसलो. माझ्या हातात उतरा म्हणणारं निशाण. बाप असता तर तोही हसला असता.

"त्याला सांग, तू रेल्वेतला माणूस. रूळ वाकडा झाला तर तुम्ही रूळ नीट करायचा का प्रवाशांना उतरवून गाडी ढकलायला लावायचा?"

वैशाली म्हणाली, "मामा, असं नाही हो बोलत इथं."

"तू सांग तर."

तिनं सांगितलं. मिझुनो-सान फळं ठेवून गेला.

मी मग आपल्या गावचा धडा गिरवला. आपल्याकडं ओढ्याला वाट नसली की सरकारची वाट बघत नाहीत, चार माणसं दगड टाकतात. तिकडं कचरा वेगवेगळा करून ठरल्या वारी टाकायचा असतो. मोठ्या लाकडी सामानाचा वार होता, त्यात कपाटाच्या दोन चांगल्या फळ्या दिसल्या.

"मामा, कचऱ्यातलं उचलायचं नसतं," वैशाली कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू दे. आपण चोरतोय का?"

फळी पायरीला तिरकी लावली, खाली संजयच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे, घसरू नये म्हणून. सकाळभर सायकली सरसर वर गेल्या. माणसं फळीपाशी थांबायची, इकडं तिकडं बघायची, आणि गुपचूप तिच्यावरून चाक न्यायची. तीन वेळा थांबणारी म्हातारी एकदाच थांबली, तीही माझ्याकडं बघून हसायला. दुपारी फळी गायब. कचेरीची पांढरी गाडी येऊन घेऊन गेली होती. मी दुसरी लावली. तीही गेली. संजय म्हणाला, "आबा, माझा व्हिसा घालवाल." मी म्हणालो, "लेका, तुझ्या बायकोचं मनगट गेलं तेव्हा कुठं होता तुझा रूल?" पण पुन्हा फळी दिसेना कुठं, आणि माझे परतायचे दिवस जवळ आले. झाडांची पानं पिवळी होऊन गळत होती. कावळे झाडांवरच्या तसल्याच केशरी फळांना चोची मारत होते. वैशालीची सायकल जिन्याखाली, खुर्चीवर धूळ.

अशात एका सकाळी पोर मला ओढत पुलाकडं घेऊन गेली. पायरीला फळी होती. माझी नाही. रंधा मारलेली, कडा गोल केलेल्या, खाली रबर शिस्तीत ठोकलेलं. आणि फळीच्या एका कडेवर, पुलाचं निम्मं तोंड अडवून, मिझुनो-सान बसला होता. हिरवी पट्टी दंडावर, शेजारी चहाचा थर्मास. निशाण नव्हतं. मागं त्याची मंडळी हातमोजे घालून उभी. त्यानं मला बघितलं आणि पहिल्यांदाच वाकला नाही, नुसती मान हलवली.

पांढरी गाडी आली. गळ्यात ओळखपत्र घातलेला पोरसवदा साहेब उतरला. तो वाकला. मिझुनो-सान बसल्या जागेवरून वाकला. कुणाचा आवाज चढला नाही. आपल्याकडं एव्हाना घोषणा झाल्या असत्या. वैशालीनं मला नंतर सांगितलं, मिझुनो-सान म्हणाला होता, "फळी जरूर न्या. पण त्याआधी एकदा ही सायकल पाटीवर लिहिलंय तशी ढकलून पलीकडं न्या."

सायकल वैशालीची. मंडळींनी तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मला नाही. मागच्या खुर्चीत तांदळाचं पोतं पट्ट्यानं बांधलेलं, पुढच्या जाळीत दुसरं. मिझुनो-साननं उठून फळी बाजूला केली. माझ्या नातीनं आपलं टोपडं काढून मागच्या पोत्याच्या डोक्यावर घातलं.

साहेबानं सायकल धरली. पुढचं चाक चढलं. मागचं पायरीला अडलं. त्यानं जोर लावला. पोतं कललं, सायकल कलली, साहेब कलला आणि तिघं मिळून आडवी झाली. कुणी हसलं नाही. नात पोत्याजवळ गेली, त्याच्या टोपड्यावरून हात फिरवून जपानीत म्हणाली, "दुखलं." वैशालीनं तोंड फिरवलं.

साहेब उठला. पँट झटकली. मग खाली बसून त्या पायरीकडं पाहत राहिला, जणू आजच तिथं उगवली होती. मग मिझुनो-सानला वाकला, वैशालीला वाकला, जरा थांबून पोत्यालाही वाकला असं मला वाटलं. फळी न घेता गाडी गेली. मिझुनो-साननं फळी परत लावली, डावीकडं बोट दाखवलं, उजवीकडं दाखवलं, आणि थर्मासमधला चहा मला दिला. कडू होता. प्यालो.

आठवड्यानं मी परत आलो. तोवर पायरी होती तिथंच होती, फळीही होती. विमानात मला एकच घोर, मी गेलो की ही सगळी अदबीची माणसं परत वाकतील.

लोक मला आजही सांगतात, आबा, तिकडची शिस्त बघून आलात, आता तरी हट्ट सोडा. मी शिस्त बघितली. शिस्तीवर बसलेला माणूसही बघितला. त्याच्यात आणि माझ्यात मला फरक दिसला नाही. त्याची फळी रंधा मारलेली होती, एवढाच.

संक्रांत झाली आणि शेजारच्या मास्तरांकडं फोन आला. मी पळत गेलो.

"मामा, पायरी तोडली. सिमेंटचा उतार केलाय. मिझुनो-सान रोज येऊन बघत होते."

"आणि पाटी?"

"पाटी आहे. पण आता लिहिलंय, गर्दी असेल तर उतरा."

"गर्दी होती आज?"

"नाही. कारखान्यात गेले आणि आलेपण. आत्ताच आले घरी. पोर मागं होती."

मास्तरांच्या घरात सगळे माझ्याकडं बघत होते. तारेत लांबवर समुद्रासारखा आवाज येत होता. मला माहीत होतं तरी विचारलं, कारण ते विचारायचं असतं.

"उतरलीस का?"

"नाही."

"बस," मी म्हणालो. "जेव आधी."